कॉन्व्हेंटातला ओनामा

वऱ्हाडात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो युरोपातल्या कोणत्याही कोशात सापडणार नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र जमणे असा. त्यावरून व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रियांचा, म्हणजे ज्यांना आपल्याकडे सिस्टर म्हणतात त्यांचा, मठ असा अर्थ रूढ झाला आणि या मठांनी चालवलेल्या शाळाही त्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. विदर्भात येईपर्यंत शब्द पुढे निघून गेला आणि मठ मागे राहिला. ज्या शाळेत चार वर्षांच्या मुलाच्या गळ्यात टाय आणि पायात काळे बूट असतात ती कॉन्व्हेंट, अशी व्याख्या आता बुलढाणा जिल्ह्यातला कोणताही ऑटोवाला बिनचूक सांगू शकतो. देवांच्या, संतांच्या, देशभक्तांच्या आणि क्वचित संस्थाचालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावापुढेही ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द बिनदिक्कत लावलेला असतो, आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही; सरस्वतीच्या नावाने चालणारा ख्रिस्ती मठ ही कल्पना रोमला बुचकळ्यात पाडील, परंतु संग्रामपूर तालुक्यात ती केवळ सकाळी नऊला येणारी पिवळी व्हॅन असते.

त्यामुळे ‘ख्रिस्ती प्राथमिक शाळेत पहिलीची मुले काय शिकतात’ या प्रश्नाचा विचार करताना अभ्यासकापुढे आधीच दोन शाळा उभ्या राहतात: एक खरोखर चर्चची किंवा मिशनची, आणि दुसरी केवळ नावाची. सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळा, टुनकी, वरवट बकाल या बाजूच्या पालकाच्या दृष्टीने दोहोंत फरक असतो तो फीचा. पहिल्या प्रकारच्या शाळेला संविधानाच्या ३०व्या अनुच्छेदाचा, म्हणजे अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा जो हक्क आहे त्याचा, आधार असतो, आणि त्याच संविधानाचा २८वा अनुच्छेद असेही सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ही तरतूद पालकांपैकी कोणी वाचलेली नसते, कारण प्रवेशाच्या दिवशी जे कागद त्यांच्यापुढे येतात त्यांत गणवेशाच्या दुकानाचा पत्ता अधिक ठळक छापलेला असतो.

एके काळी शाळेतून मुलाचे धर्मांतर होईल ही काळजी खरी होती. १८३९ मध्ये मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलविधी, घेतला तेव्हा शहरात हलकल्लोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी धडाधड मुले काढून घेतली. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे बुलढाण्याला लागूनच असलेल्या जालन्याच्या परिसरात आले आणि त्यांनी तेथे बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. अकोला-खामगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आणि बुलढाण्याच्या बाजूला नाझरीन मिशन यांनी नंतर पाय रोवले. या सर्व मंडळींबद्दल एक गोष्ट आजच्या कॉन्व्हेंटप्रेमी पालकाला सांगितली तर त्याचा विश्वास बसणार नाही: त्यांनी मराठी शिकवली, आणि त्याआधी ती स्वतः मराठी शिकली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५चे आहे. अमेरिकन मिशनचे पहिले पाद्री १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हापासून त्यांनी मराठीच्या अभ्यासात डोके खुपसले. त्यांचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरहून निघू लागले. सात समुद्र ओलांडून आलेला गोरा मनुष्य ‘ळ’चा उच्चार साधण्यासाठी जिभेशी झटापट करीत होता, आणि त्यानंतर दोनशे वर्षांनी ज्याच्या जिभेवर तो ‘ळ’ जन्मतःच आहे अशा मुलाने तो विसरावा म्हणून त्याचे वडील सोयाबीनचे पैसे मोजत आहेत. धर्मप्रसाराचे कार्य फसले की यशस्वी झाले, याचा निर्णय इतिहासकारांनी करावा; ‘ळ’ची बाजू मात्र दोन्ही वेळा कोणी विचारलेली नाही.

पहिलीचे मूल शाळेत जी पहिली गोष्ट शिकते ती वर्णमाला नसून एक वाक्य असते. ‘मे आय गो टू टॉयलेट’ हे वाक्य मुलाच्या तोंडून अखंड एका शब्दासारखे, ‘मायगोटुटॉलेट’ असे बाहेर पडते, आणि त्याचे स्वरूप तपासले तर ते वाक्यापेक्षा मंत्राच्या अधिक जवळचे असल्याचे दिसून येते. मंत्राप्रमाणेच त्याचा पाठ अक्षरशः व्हावा लागतो, अर्थ कळण्याची अट नसते, चुकीचा उच्चार झाल्यास फळ मिळत नाही आणि शुद्ध उच्चार झाल्यास फलश्रुती तत्काळ असते. ‘बाई, मले एकी लागली’ असे म्हणणाऱ्या मुलाची गरज तितकीच खरी असली तरी त्याला पुन्हा जागेवर जाऊन योग्य भाषेत विनंती करावी लागते, आणि भाषाशुद्धीच्या आग्रहाची किंमत अशा वेळी कधीकधी शाळेच्या फरशीला मोजावी लागते.

येथे वऱ्हाडी बोलीचा प्रश्न येतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्राने २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, त्यामुळे कॉन्व्हेंटातही पहिलीपासून मराठीचा तास असतो. संग्रामपूरचे मूल त्या तासाला बसते तेव्हा ‘मले’ चूक आणि ‘मला’ बरोबर, ‘काहून’ चूक आणि ‘का’ बरोबर, असे त्याला कळत जाते, आणि ज्या भाषेला सारे जण त्याची मातृभाषा म्हणतात ती त्याच्या मातेला येत नाही, हेही त्याच्या लक्षात येते. याउलट इंग्रजीच्या तासाला त्याचे नशीब अचानक फळफळते. पुण्याच्या मुलाला इंग्रजीतला चालू काळ ‘जात आहे’वरून शिकावा लागतो, वऱ्हाडी मूल घरी ‘मी शाळेत जाऊन राहिलो’, ‘माय भाकरी करून राहिली’ असेच बोलत असल्यामुळे क्रिया अजून संपलेली नाही, ती मागे रेंगाळते आहे, ही कल्पना त्याच्या रक्तातच असते. एकच वाक्यरचना साडेदहाच्या तासाला इंग्रजीच्या मिसकडून शाबासकी मिळवते आणि सव्वाअकराच्या तासाला मराठीच्या मॅडमकडून लाल रेघ, हे पाहून मुलाने शिक्षणशास्त्राविषयी काय मत बनवावे, याचा उल्लेख कोणत्याही शैक्षणिक धोरणात नाही.

संख्यांचीही तीच कथा. मराठीत ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी आणि तीस नंतर येतात, इंग्रजीत तीस आधी. शिवाय मराठीत ‘एकोणतीस’ ही संख्या आपण कोण आहोत हे न सांगता आपण कोण होता होता राहिलो हे सांगते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने संख्या ‘वीस एक’ अशा फोडून वाचायला सुचवल्या तेव्हा महाराष्ट्रात जो वाद पेटला, त्यात कॉन्व्हेंटचे मूल तटस्थ होते. त्याला आजोबांचे ‘एकोणसत्तर’ हे संस्कृत वाटत होते.

अक्षरओळखीच्या बाबतीत मात्र धर्माचा माग खरोखर लागतो, फक्त भलत्याच शाळेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल ‘अ अननसाचा’ पासून सुरुवात करते आणि कॉन्व्हेंटचे मूल सफरचंदापासून. दोन्ही फळे संग्रामपूर तालुक्यात पिकत नाहीत, त्यामुळे तेथपर्यंत बरोबरी आहे. परंतु अननस हे दक्षिण अमेरिकेतले फळ हिंदुस्थानात आणले ते क्रूस घेऊन आलेल्या पोर्तुगिजांनी, आणि त्याचे नावही त्यांच्याच जहाजातून उतरले. म्हणजे अस्सल मराठी शाळेचा पहिला धडा कॅथलिकांनी पुरवला आहे. सफरचंदाला पाश्चात्त्य चित्रकारांनी आदाम आणि हव्वेच्या हातातले निषिद्ध फळ ठरवले असले, तरी बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात त्या फळाचे नावच दिलेले नाही. कॉन्व्हेंटच्या मुलाच्या डब्यातली बटाट्याची भाजी, तो बटाटा हा शब्द, शनिवारी डब्यात येणारा पाव, वर्गाच्या कुलपाची चावी आणि मिसचा पगार हे सारे त्याच पोर्तुगीज वाटेने आलेले असताना, मुलाला परधर्मीय संस्कारांपासून जपू इच्छिणाऱ्या आजोबांनी नेमके काय काढून घ्यायचे, असा पेच पडतो. पगार काढून घेतल्याची उदाहरणे आहेत. परंतु त्याचे कारण धार्मिक नसते.

खऱ्या ख्रिस्ती शाळेत ख्रिस्ती मुलांसाठी बायबलचा तास असतो आणि इतरांसाठी ‘मॉरल सायन्स’ नावाचा विषय, ज्यात शास्त्र बेताचेच असते. या तासाला सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पॅलेस्टाइनच्या कोरड्या, मेंढरांच्या, दुष्काळाच्या मुलखातल्या असल्यामुळे त्या वऱ्हाडात परक्या वाटाव्यात अशी अपेक्षा असते, आणि घडते ते नेमके उलट. इंग्रजीत ज्याला लोफ म्हणतात त्याचे भाषांतर मराठी बायबलने ‘भाकर’ असे केले आहे. त्यामुळे पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजार लोक जेवले ही गोष्ट मिसने मराठीतून समजावली की वर्गापुढे ज्वारीच्या पाच भाकरी येतात, आणि सोबत ठेचा होता की नव्हता, एवढाच चर्चेचा मुद्दा उरतो. योसेफाने मिसरच्या राजाच्या स्वप्नातल्या सात पुष्ट आणि सात रोड गाईंवरून सात वर्षांच्या सुकाळाचे आणि सात वर्षांच्या दुष्काळाचे भाकीत केले, ही कथा इतरत्र चमत्कार म्हणून सांगावी लागते. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे, जेथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आणि धान्ये मांडून दुसऱ्या पहाटे पीकपाण्याचा अंदाज सांगतात आणि त्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. त्यामुळे योसेफ हा या भागातल्या मुलांना एक साधा सरकारमान्य भेंडवळकर वाटतो, फक्त त्याने कापसाच्या भावाबद्दल काही सांगितले नाही याची खंत राहते.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट मात्र अडचणीत आणते. शंभरांपैकी एक मेंढरू हरवले म्हणून नव्व्याण्णव रानात सोडून मेंढपाळ त्याच्या शोधात निघाला, या दृष्टान्ताचा, म्हणजे तत्त्व पटवण्यासाठी रचलेल्या गोष्टीचा, रोख देवाच्या करुणेकडे आहे. वर्गात एखादे धनगराचे मूल असले की करुणेपर्यंत पोचण्याआधीच त्या नव्व्याण्णवांजवळ कोण थांबले होते, असा व्यावसायिक प्रश्न उभा राहतो. तालुक्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा तो भाग आहे, आणि तेथल्या बिबट्यांनी लूकचे शुभवर्तमान वाचलेले नाही. कुत्रे होते, असे उत्तर देऊन मिस सुटका करून घेते. मूळ ग्रंथात कुत्र्याचा उल्लेख नाही, परंतु टीकाकारांनी मूळ ग्रंथात भर घालण्याची परंपरा सर्वच धर्मांत जुनी आहे.

सर्वांत मोठी गंमत पाण्याची आणि मिठाची. संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. खारपाणपट्टा म्हणजे जेथे जमिनीखालचे पाणीच क्षारयुक्त असते असा प्रदेश, आणि या पाण्यामुळे मूत्रपिंडाचे विकार झालेली माणसे येथल्या गावोगावी आहेत. अशा गावातल्या मुलाला डोंगरावरच्या प्रवचनातली मिठाची उपमा सांगितली, म्हणजे चांगल्या माणसांना पृथ्वीचे मीठ म्हटले आहे असे सांगितले, की त्याला हा गौरव आहे की तक्रार, हे कळत नाही. त्याच्या पृथ्वीत मीठ आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. लोटाची बायको मागे वळून पाहिल्याबद्दल मिठाचा खांब झाली, यावरही वर्ग फारसा दचकत नाही, कारण घरातल्या हंड्याच्या बुडाला रोज थोडी थोडी लोटाची बायको जमत असते. पण मोशे आपल्या लोकांना घेऊन वाळवंटातून जात असता मारा नावाच्या ठिकाणी पाणी कडू लागले, लोकांनी कुरकुर केली आणि देवाने दाखवलेले झाड पाण्यात टाकताच ते गोड झाले, ही निर्गमाच्या पुस्तकातली गोष्ट आली की मुले एकदम सरसावून बसतात. कोणते झाड, असा प्रश्न येतो. बायबलने झाडाचे नाव दिलेले नाही, आणि वान धरणावरच्या पाणीपुरवठा योजनेच्या कागदपत्रांतही झाडाचा मार्ग सुचवलेला दिसत नाही. लोकांनी कुरकुर केली, एवढा भाग मात्र दोन्हीकडे तपशिलाने नोंदलेला आहे.

नीतीच्या शिक्षणात पापाचा विषय टाळता येत नाही, आणि पहिलीच्या बाबतीत तो चमत्कारिक अवस्थेत असतो. कॅथलिक धर्मशास्त्रात समज येण्याचे वय सात मानले आहे. त्याआधी मुलाच्या हातून पाप घडत नाही आणि म्हणूनच पहिला पवित्र प्रसाद देण्याचे वयही १९१० मध्ये पोपने साधारण सातच ठरवले. भारतीय दंडविधानाचे ८२वे कलम आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २०वे कलमही सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानत नाही. महाभारत याहून उदार आहे: लहानपणी किड्यांना काडी टोचल्याबद्दल सुळावर जावे लागलेल्या मांडव्य ऋषींनी यमधर्माला शाप दिला आणि यापुढे चौदा वर्षांपर्यंत मुलांना पाप लागणार नाही अशी मर्यादा घालून दिली. शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदा याच वयाला लागू आहे, हा योगायोग ज्याने मसुदा लिहिला त्याच्या लक्षात आला असेल तर तो मोठाच रसिक म्हटला पाहिजे. तात्पर्य, पहिलीतले सहा वर्षांचे मूल रोम, दिल्ली आणि हस्तिनापूर या तिन्ही दरबारांत निर्दोष असते. शेजाऱ्याचा शार्पनर त्याच्या दप्तरात सापडला तर खटला फक्त मॉनिटरपुढे चालतो.

मॉनिटर ही संस्था कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा कणा आहे, आणि तिची वंशावळ विचारात घेण्याजोगी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा पाहत होते. तेथल्या देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांना दिसली. त्यांनी ती रीत उचलली आणि मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे या पद्धतीची तिला जोड दिली. इंग्लंडला परत गेल्यावर या पद्धतीचा ‘मद्रास पद्धत’ म्हणून मोठा बोलबाला झाला आणि तीच पुढे मिशन शाळांच्या शिस्तीबरोबर हिंदुस्थानात परत आली. आपल्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटी होती, म्हणजे बारीक माती पसरलेली फळी. तिच्यावर धुळाक्षरे गिरवली जात आणि जुनी मुले नव्यांना घोकवत. या शाळेचा पहिला धडा ‘ॐ नमः सिद्धम्’ हा असे, ज्याचा लोकांच्या तोंडी ‘ओनामा’ झाला आणि कोणत्याही गोष्टीच्या आरंभाला ते नाव चिकटले. हा धडा कोणत्या पंथाचा, कोणत्या व्याकरणाचा, हे शिकवणाऱ्याला ठाऊक नसे आणि शिकणाऱ्याला त्याची पर्वा नसे. आता इंग्रजी नावाचा बिल्ला लावून वर्गात उभा असलेला, फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावे लिहिणारा मॉनिटर हा त्या धुळपाटीचाच विलायतेहून परतलेला नातू आहे. फळ्यावर लिहिताना त्याचा खडू मोडतो, ‘श्रेयस’ हे नाव त्याला लिहिता येत नाही, म्हणून श्रेयस सुटतो आणि ‘राम’ नेहमी सापडतो, यातून मराठी वर्णमालेचे सामाजिक परिणाम मुलांना लवकर कळतात.

टायविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. पहिलीचा टाय बांधावा लागत नाही. त्याची गाठ कारखान्यातच कायमची मारलेली असते आणि मागे इलॅस्टिकची पट्टी असते, जी ओढून सोडली असता मानेवर चटका बसतो. या पट्टीचे शैक्षणिक मूल्य अभ्यासक्रमात नमूद नाही, परंतु स्थितिस्थापकत्वाचा, म्हणजे ताणलेली वस्तू मूळ आकाराला परत येण्याच्या गुणाचा, प्रयोग मुले मधल्या सुट्टीत एकमेकांच्या मानांवर करतात. टायचे टोक जुलैपर्यंत चघळले जाते, आणि मे महिन्यात ४४ अंशांवर तापणाऱ्या मुलखात हा लोकरी पोशाखाच्या देशाचा अलंकार का असावा, हा प्रश्न विचारणाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेचा रस्ता दाखवला जातो.

वर्षाचा कळस मात्र नाताळाच्या नाटकाला गाठला जातो. येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत, म्हणजे जनावरांना चारा टाकायच्या जागेत, ठेवले, हे सांगताना मुंबईच्या शाळेत चित्र काढून दाखवावे लागते. संग्रामपूरच्या पहिलीत दिग्दर्शनाची सूत्रे मुलांच्याच हाती जातात. गव्हाणीत कोरे गवत पसरलेले पाहून एखादी मुलगी त्यात कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, पाहिजे असा आक्षेप घेते, कारण तुरीचे कुटार खालीच उरते आणि जनावर ते शेवटी खाते. मेंढपाळांना घोंगडी खरीखुरी मिळते. पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या डोक्यावर फेटे असतात, आणि सोने, ऊद व गंधरस यांपैकी ऊद एवढाच खरा असतो, कारण तो कोणाच्याही देवघरात सापडतो. योसेफाच्या, म्हणजे येशूच्या पित्याच्या, दाढीला गुंडाळलेला कापूस थेट शेतातला असल्यामुळे त्यात सरकी राहिलेली असते, आणि देवदूत घोषणा करीत असता जगाचा तारणहार होऊ घातलेल्या बाहुलीच्या अंगावर ती टपकन पडते. प्रेक्षकांत बसलेल्या आज्या, ज्यांतल्या कित्येकींनी एकादशी सोडलेली नाही आणि शेगावची वारी चुकवलेली नाही, बाळ गव्हाणीत ठेवले जाताच हात जोडतात. धर्मांतराच्या भीतीवर महाराष्ट्रात दोनशे वर्षांत जेवढी शाई खर्च झाली, तेवढ्याने त्या आज्यांच्या जोडलेल्या हातांचा अर्थ लावता येत नाही, आणि त्यांना स्वतःला तो लावण्याची गरज वाटत नाही. बाळ ते बाळ.

पहिलीच्या मुलाने खरोखर काय आत्मसात केले हे परीक्षेत समजत नाही, कारण पहिलीत कोणाला नापास करता येत नाही. ते समजते संध्याकाळी ओसरीवर, ‘शाळा-शाळा’ या खेळात. येथे मूल मिस होते, धाकटा भाऊ, एक बकरीचे पिल्लू आणि आजी यांचा वर्ग भरतो, आणि जे शिकवले जाते त्यात ना बायबल असते, ना इंग्रजी, ना मॉरल सायन्स. रांग लावणे, तोंडावर बोट ठेवणे, हात मागे बांधणे आणि विनाकारण उभे करणे, एवढाच अभ्यासक्रम कसून घेतला जातो. आजीने तहान लागली म्हणून उठायचा प्रयत्न केला की तिला इंग्रजीतून परवानगी मागायला सांगितले जाते. ‘हाव बाप्पा, पानी पिऊन येतो’ हे उत्तर अमान्य होते. आजी तीनदा प्रयत्न करते, तिसऱ्या खेपेला ‘मायगोटु’ इथपर्यंत पोचते, आणि मिस थोडा विचार करून फिल्टरच्या कॅनकडे बोट दाखवते.